भूतानची अर्धी प्रदक्षिणा

ऑक्टोबर लागला की रॉटरडॅममधल्या माणसांची तोंडं उतरतात. दिवस आखडायला लागतो, पुलावरचा वारा सायकलीला मागे ढकलतो, आणि ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी जो तो व्हिटॅमिन डीच्या गोळ्यांवर बोलू लागतो. माझ्या शेजारच्या टेबलावरची मारीके तर हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घ्यायच्या रविवारी जी रुसते, ती मार्चमध्येच माणसांत येते. माझं सगळं उलटं. पहिला गार वारा कानाला लागला की मला हायसं वाटतं. मारीके म्हणते, "तू गरम देशातली. तुला तर माझ्यापेक्षा जास्त रडू यायला हवं." आता तिला काय सांगू? एक अख्खा ऑक्टोबर मी इतका घाबरत काढलाय, की त्यापुढचे सगळे मला सुट्टीसारखे वाटतात.

परवा शनिवारच्या बाजारात एका सुरिनामी मावशींच्या गाळ्यावर लाल मिरच्यांचा ढीग दिसला. लांबट, चकचकीत, देठ अजून हिरवे. आभाळ भांडी धुतलेल्या पाण्यासारखं, आजूबाजूला सगळ्यांचे काळे रेनकोट, आणि मध्येच हा एवढा लाल रंग. मी अर्धा किलो मिरच्या घेतल्या. एकटीच्या घरात अर्धा किलो मिरची म्हणजे वेडेपणा आहे, पण मला तिथून हलवेना. पारोमध्ये विमान उतरायला लागलं तेव्हा खाली असाच लाल रंग होता. घरांच्या छपरांवर मिरच्या वाळत घातल्या होत्या, ओळीनं प्रत्येक घरावर, आणि त्यांच्या भोवती पिवळ्या पडलेल्या भाताची खाचरं. खिडकीला नाक लावून बसलेली आई म्हणाली होती, "इथे छपरावर पापड नाहीत वाटतं."

त्या ऑक्टोबरात मी आईला घेऊन भूतानला गेले होते. आई साताऱ्याच्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवत होती. तिच्याकडे एक लाकडी पट्टी होती, तिच्या टोकानं ती नकाशावर भूतान दाखवायची आणि सगळा वर्ग एका सुरात "राजधानी थिंफू" म्हणायचा. तीस वर्षं दुसऱ्यांना दाखवलेला देश तिनं स्वतः बघावा, असं मी फार पूर्वी ठरवलं होतं. ठरवताना त्याला एक अट घातली होती. माझी पीएचडी झाली की जायचं. हे घरात, नात्यात, आईच्या स्टाफरूममधल्या जुन्या मैत्रिणींमध्ये सगळ्यांना माहीत होतं. बाबा येणार नव्हते, कारण त्यांना साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटातसुद्धा गाडी लागते.

आणि पीएचडी झालेली नव्हती. होणारही नव्हती. ती मी ऑगस्टमध्येच सोडली होती. इथल्या विद्यापीठात पाच वर्षं घालवून, चौथ्या प्रकरणाच्या मध्यावर, सही करून सोडली होती. हे आईला सोडून ज्याला ज्याला कळायला हवं त्याला कळलं होतं. माझ्या प्राध्यापकांना, नगरपालिकेला, घरमालकाला, एवढंच काय, सायकल दुरुस्त करणाऱ्यालाही मी सांगून बसले होते. आईला फोनवर सांगणं जमेना. मग मी तिकिटं काढली आणि म्हटलं, समोरासमोर सांगू. तिला म्हटलं, "आत्ताच जाऊन येऊ, नंतर वेळ मिळेल न मिळेल." तिनं कारण विचारलं नाही. आई कारण विचारत नाही म्हणजे काय, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सोडली कशी, ते सांगायला फारसं काही नाही. कुणी छळलं नाही, कुणी हाकललं नाही. माझे प्राध्यापक भला माणूस. एके दिवशी कॉफी पिताना त्यांनी विचारलं, तुला याची अजून 'झिन' आहे का? डच भाषेतला हा छोटासा शब्द ते लोक दिवसातून वीसदा वापरतात. कॉफीची झिन आहे का, फिरायला जायची झिन आहे का. मी मनातल्या मनात त्याचं मराठी केलं, तर 'हौस' आलं. आणि मी थबकले. आमच्याकडे हौस साडीची असते, सहलीची असते, फार तर गाण्याची. अभ्यासाची हौस आहे का, असं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. अभ्यास करायचा असतो. मी त्यांना "आहे ना" म्हटलं, सायकलवर बसले, आणि घरी पोचेपर्यंत मला कळलं होतं की नाहीये. दोन वर्षांपासून नाहीये.

कोलकात्याच्या विमानतळावर आई भेटली तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकायचा माझा बेत होता. पण तिनं आधी माझ्या गालांची हाडं चाचपली, मग डब्यातल्या गूळपोळ्या काढल्या, मग शेजारच्या बंगाली बाईंना हिंदीत सांगितलं, "ये मेरी लडकी, हॉलंड में डॉक्टर होने वाली है." त्या बाईंनी लगेच मला गुडघ्यांबद्दल विचारलं. मी माती शिकते हे ऐकून त्यांचा फार विरस झाला. तेव्हा म्हटलं, आता नको, विमानात सांगू. विमान दोन डोंगरांच्या मधून एका पंखावर कललं तेव्हा आईनं माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि ती मोठ्या कष्टानं नद्यांची नावं म्हणत होती. तिथे कुठलं सांगणार.

आमचा वाटाड्या आणि गाडी चालवणारा एकच, दोर्जी नावाचा चाळिशीतला माणूस. गुडघ्यापर्यंतचा तो त्यांचा झगा, पायांत लांब मोजे, गालावर सतत पानाचा फुगवटा. हिंदी तो टीव्ही बघून शिकला होता, त्यामुळे बोलताना मध्येच एखादं वाक्य एकदम नाटकी यायचं. आईचं हिंदी शाळेच्या सहलींमध्ये घडलेलं. दोघांचं पहिल्या दिवसापासून जमलं. दोर्जीनं तिला पान दिलं, ओली सुपारी आणि चुना लावलेलं. तिनं ते खाल्लं आणि तिचे कान लाल झाले. "चुना ज्यादा हो गया," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितलं.

भूतानमधल्या किल्ल्यांना झोंग म्हणतात. पहिला झोंग पाहिला तेव्हा आई मान वर करून बघतच राहिली. साताऱ्याच्या माणसाला किल्ला म्हणजे काय ते कुणी शिकवायला लागत नाही. धापा टाकत चढायचं, पडक्या तटावर बसून पिठलं-भाकरी खायची, टाक्यातलं पाणी बघायचं आणि इथे काय काय होतं याची कल्पना करायची. इथे कल्पना करायचं काही कामच नव्हतं. पांढऱ्याशुभ्र, आत झुकलेल्या भिंती, वर तांबडा पट्टा, रंगवलेल्या लाकडी खिडक्या, आणि आत अर्ध्या भागात मठ, अर्ध्यात सरकारी कचेरी. एका चौकात लाल वस्त्रांतले भिक्षू, दुसऱ्यात फायली घेऊन निघालेले बाबू. आत जाण्याआधी दोर्जीनं खांद्यावरून पांढरं उपरणं घेतलं, त्याशिवाय त्याला आत जाता येत नाही. आई म्हणाली, "आपल्या किल्ल्यांवर वारा राहतो. यांच्या किल्ल्यांत कारकून." तिच्या आवाजात थोडा मत्सर होता.

मला आठवतं ते त्या चौकांमधलं ऊन. ऑक्टोबरचं, तिरपं, दगडी फरशीवर सांडलेलं. लोण्याच्या दिव्यांचा जरा खवट वास, धूप, कुठेतरी उकळणारा मिरची-चीजचा रस्सा. आणि या सगळ्यात मी घाबरलेली. सुंदर जागी घाबरलेलं असणं फार विचित्र असतं. सगळं दिसतं, नीट दिसतं, पण आपण त्यातलं काहीच घेऊ शकत नाही. आता इथे रॉटरडॅममध्ये मी तो देश पुन्हा सावकाश बघते. त्या वेळी जे नुसतं डोळ्यांवरून गेलं, ते आता एकेक करून खाली बसतंय.

थिंफूच्या झोंगमध्ये त्यांचा त्सेचू होता, मुखवट्यांच्या नाचांचा वार्षिक उत्सव. सकाळी मी अंघोळ करून आले तर आई साडी नेसून उभी. जांभळी नारायणपेठ, मोरपंखी काठ. मी जागच्या जागी खिळले. ही साडी तिनं माझ्या पीएचडीच्या समारंभासाठी घेतली होती. इथल्या समारंभाचे फोटो मी एकदा तिला पाठवले होते, काळे झगे घातलेले प्राध्यापक आणि मानाची काठी घेऊन त्यांच्यापुढे चालणाऱ्या बाई. ते बघून तिनं खास जांभळा रंग शोधला होता. काळ्यात उठून दिसेल म्हणून.

"ही आत्ता?" मी विचारलं.

"दोर्जी म्हणाला सगळे ठेवणीतले कपडे घालून येतात. मग मीच काय म्हणून पंजाबी ड्रेसवर जाऊ?"

"पण ही तर..."

"ठेवून ठेवून घडीवर विरते गं साडी," ती म्हणाली आणि पदराला पिन लावायला माझ्यासमोर खांदा केला. मी पिन लावली.

त्सेचूला अख्खं गाव नटून आलेलं. रेशमी किरा नेसलेल्या बायका, मांडीवर पोरं, पोरांच्या हातात चिप्सची पाकिटं. आईच्या साडीचा काठ दोन-तीन बायकांनी हात लावून पाहिला. लांब कर्णे घुमायला लागले की तो आवाज कानापेक्षा छातीत आधी पोचायचा. लाल मुखवट्याचा विदूषक प्रेक्षकांत शिरला, त्याच्या हातातली लाकडी वस्तू पुरुषाच्या कुठल्या अवयवाची आहे हे कळल्यावर आईनं पलीकडचे डोंगर लक्ष देऊन बघायला सुरुवात केली. मग दुपारी तो नाच लागला, ज्यात मेलेल्या माणसाचा न्याय होतो. एक काळा राक्षस, एक पांढरा देव, दोघं त्याच्यावरून भांडतात, आणि त्याची कर्मं पांढऱ्या-काळ्या खड्यांनी तराजूत तोलतात. पाच वर्षं, साडेतीन प्रकरणं, दोन तिसऱ्यांदा परत आलेले निबंध, हे सगळं कुणीतरी तिथे त्या पारड्यात टाकतंय असं वाटायला लागलं. आई माझ्या कानाशी वाकली. "पेपर तपासतायत," ती म्हणाली. "बघ, काठावर पास करणार त्याला."

त्या वेळी सांगता आलं असतं. मी तोंड उघडलंही. पण विदूषक येऊन आईच्या छत्रीखाली बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुनाखाकडे निघालो. वाटेत एका ओढ्याजवळ एक लहानसा पांढरा स्तूप होता, आणि त्याला लागून पाण्यावर फिरणारं प्रार्थनाचक्र. चक्र फिरवून पाणी एका दगडी पन्हळीतून स्तूपाच्या बाजूनं बाहेर पडत होतं. तीन-चार म्हाताऱ्या हातात जपमाळ घेऊन फेऱ्या घालत होत्या. आई चपला काढून त्यांच्या मागे लागली. पन्हळीपाशी आली, थांबली, नमस्कार केला, आणि सरळ उलटी वळून आल्या वाटेनं परत निघाली.

मागून येणारी म्हातारी तिच्यावर आदळता आदळता राहिली. दुसरीनं काहीतरी म्हणत तिच्या खांद्याला धरून तिला पुन्हा सरळ केलं. आई पुन्हा वळली. म्हातारीनं पुन्हा सरळ केलं. दोघींचंही तोंड हसरं, पण हट्ट कुणी सोडेना. दोर्जी धावला.

"आंटीजी, यहाँ उल्टा नहीं जाते."

"अरे, पानी ओलांडने का नहीं," आई म्हणाली. "महादेव का पानी है ना. हमारे में यहाँ तक आते, फिर वापस."

मला एकदम समजलं. शंकराच्या देवळात पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर पडतं, ती पन्हळ ओलांडायची नसते. तिथपर्यंत जायचं, उलटं फिरायचं, दुसऱ्या बाजूनं पुन्हा पन्हळीपर्यंत यायचं. यवतेश्वरच्या देवळात जन्मभर तिनं तेच केलं होतं. पायांनाच ते पाठ होतं. मी दोर्जीला समजावून सांगितलं. त्यानं गंभीरपणे ऐकलं आणि मान हलवली. "वो ठीक है. लेकिन यहाँ पूरा करना पड़ता है."

यहाँ पूरा करना पड़ता है. मला वाटलं, हे वाक्य त्यानं माझ्याकडे बघूनच म्हटलं. आई बिचारी ओढणी खोचून, मनातल्या मनात कुणाची तरी माफी मागत, एका टांगेत ती पन्हळ ओलांडून गेली, आणि मी खिन्न होऊन गाडीत बसले. माणूस घाबरलेला असला की त्याला रस्त्यावरचे दगडसुद्धा उपदेश करायला लागतात. मला हवा होता एखादा कौल, आणि मिळाला तो नेमका उलटा.

गाडी सुरू झाल्यावर आई बराच वेळ कुरकुरत होती. "त्यांचं त्यांच्याकडे बरोबर असेल. पण आपल्याकडे ती अर्धीच पूर्ण धरतात."

"काय धरतात?"

"पूर्ण. मागे फिरलं म्हणून कमी नाही होत काही. जिथपर्यंत जायचं तिथपर्यंत गेलं, आता फिर. झाली प्रदक्षिणा." तिनं हातावरचं पाणी पुसलं. "आता ही मी घातली ती मोजायची का नाही, कुणास ठाऊक."

ती बोलत होती ते फक्त प्रदक्षिणेबद्दल, याची मला खात्री आहे. माझी आई आडून बोलणारी बाई नाही. पण मी खिडकीबाहेर बघत ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं.

पुनाखाचा झोंग दोन नद्यांच्या संगमावर आहे. दोर्जी म्हणाला, एक बाप नदी, एक आई नदी. बाप नदी जोरात, आई नदी शांत. झोंगकडे जायच्या पुलाआधी खाली वाळूचा एक पट्टा होता. दोर्जी तिकिटांचं बघायला गेला आणि आम्ही खाली उतरलो. आईनं पाय पाण्यात घातले, "आई गं" म्हणत लगेच बाहेर काढले, आणि एका दगडावर बसली. पलीकडच्या काठावर भाताची कापणी चालू होती. मला विळ्यांचा आवाज ऐकू येतो का, असं ती विचारत होती. मी त्याच वाक्यात मध्ये घुसले.

"आई, मी पीएचडी सोडली."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "कधी?"

"ऑगस्टमध्ये."

"म्हणजे तिकिटं काढायच्या आधी."

"हो."

ती नदीकडे बघत राहिली. मी बोलत सुटले. नोकरी शोधायला तिथलं सरकार वर्षभर राहू देतं, रॉटरडॅमला बोलणं चालू आहे, फुकट काहीच गेलेलं नाही, प्राध्यापक रागावलेले नाहीत. ती ऐकत होती की नव्हती, देव जाणे. मी थांबले तेव्हा म्हणाली, "म्हणजे आता रविवारच्या फोनवर 'कुठपर्यंत आलं' हे विचारायचं नाही ना?"

"नाही."

"सुटले बाई," आई म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"अगं, दर रविवारी ते विचारायचं माझ्या जिवावर यायचं. विचारलं की तुझा आवाज बदलायचा. न विचारावं तर तुला वाटणार, आईला काही पडलेलीच नाही. मग मी आधी बाबांना फोन द्यायचे आणि मनाची तयारी करायचे."

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, एकीकडे स्वतःचे पाय ओढणीनं पुसत. दोन वर्षं आम्ही दोघी दोन देशांत बसून एकाच रविवाराला घाबरत होतो.

"आणि शिंदेबाईंना काय सांगशील?" मी विचारलं. शिंदेबाई म्हणजे तिच्या स्टाफरूममधल्या मैत्रीण, त्यांचा भाचा अमेरिकेत डॉक्टरेट झालेला.

"सोडली म्हणून सांगेन. त्यांनी गेल्या वर्षी गाण्याचा क्लास सोडला, तेव्हा मी काही म्हटलं?" मग तिला जरा हसू आलं. "तसं मनात म्हटलं होतं."

मला त्या नदीचा रंग तेव्हा दिसला. हिरवट निळा, तळाचे गोटे मोजता यावेत इतका स्वच्छ. आणि मला भूकही लागली, आठवडाभरात पहिल्यांदा.

"मीनू," आई म्हणाली, "ते मातीचं नेमकं काय गं?"

"कसलं?"

"तू पाच वर्षं करत होतीस ते. मी नेहमी 'कधी संपणार' एवढंच विचारलं. आहे काय ते?"

तिचा चेहरा वर्गातल्यासारखा झाला होता, फक्त या वेळी बाकावर बसून ऐकणाऱ्याचा. मी वाळूत बोटानं रेघ ओढली. ही समुद्राची पातळी. ही जमीन. त्या देशात बऱ्याच भागात जमीन म्हणजे माती नसतेच, पाण्याखाली साठून दबलेली पानं आणि मुळं असतात. ती ओली आहेत तोवर फुगून राहतात. शेती करायची म्हणून पाणी उपसलं, की ती सुकतात आणि बसतात.

"मग जमीन खाली जाते," आई म्हणाली.

"हो. आणि जमीन खाली गेली की पाणी पुन्हा वर येतं."

"मग पुन्हा उपसायचं."

"पुन्हा उपसायचं."

"म्हणजे ती आणखी खाली." ती पुढे वाकली. "आणि बंधारा? तो कशावर उभा?"

"त्याच्यावरच. तेच तर मी बघत होते."

"अगंबाई," ती म्हणाली. "हे मी मुलांना कधी शिकवलंच नाही. पुस्तकात एका ओळीत होतं, नेदरलँड्सचा बराचसा भाग समुद्रसपाटीखाली आहे. मला वाटायचं, तो पहिल्यापासूनच तसा आहे."

मी बोलत राहिले. नमुने कसे काढतात, लांब नळीतून हजार वर्षांपूर्वीचा चिखल बाहेर येतो तेव्हा त्याला कसा वास येतो, एकदा त्यात अख्खं हिरवं पान कसं निघालं होतं आणि हवा लागताच डोळ्यांदेखत कसं काळं पडलं होतं. ते पान मी विसरून गेले होते. माझे हात भरभर चालत होते, वाळूत बंधारा झाला होता, पंप झाला होता, आई मध्येच थांबवून शंका विचारत होती आणि त्या शंका माझ्या परीक्षकांपेक्षा चांगल्या होत्या.

वरून पुलावरून दोर्जीनं हाक मारली. झोंग बंद व्हायची वेळ होत आली होती. आईनं मागे वळूनही न बघता हात वर केला.

"दो मिनिट रुको," ती ओरडली. "मेरी लडकी मेरे को पढा रही है."

दोर्जी झगा सावरत खाली उतरून आला आणि आमच्याजवळ उकिडवा बसला. मी वाळूतली रेघ पुसली आणि दोघांसाठी पहिल्यापासून सुरुवात केली.